जुनी अंतर्गत हार्ड डिस्क यूएसबीद्वारे जोडणे

जुनी अंतर्गत हार्ड डिस्क यूएसबीद्वारे जोडणे म्हणजे बंद पडलेल्या किंवा वापरातून काढलेल्या संगणकातील हार्ड डिस्क बाहेर काढून ती रूपांतरक ॲडाप्टरच्या साहाय्याने दुसऱ्या, चालू संगणकाला बाह्य साठवण साधन म्हणून जोडणे होय. संगणक बंद पडला म्हणजे त्यातील माहिती नष्ट झाली असे नसते. वीजपुरवठ्याचा संच, मदरबोर्ड किंवा पडदा नादुरुस्त झाला तरी हार्ड डिस्क बहुधा सुस्थितीत असते व तिच्यावरील छायाचित्रे, पत्रव्यवहार, हिशेब आणि दस्तऐवज वाचता येतात.

या कामासाठी विशेष तांत्रिक शिक्षणाची गरज नसते. मात्र डिस्कचा प्रकार ओळखणे, तिला योग्य दाबाची वीज देणे आणि जोडणीनंतर संगणकाच्या पडद्यावर येणाऱ्या सूचनांना विचारपूर्वक उत्तर देणे आवश्यक असते. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याचा पश्चिम भाग व लोणावळा यांसारख्या अतिपावसाच्या प्रदेशांत यात दमट हवेचीही भर पडते. अनेक वर्षे माळ्यावर किंवा कपाटात राहिलेली डिस्क तेथे जोडण्यापूर्वी काही वेगळी काळजी घ्यावी लागते.

## पार्श्वभूमी

हार्ड डिस्कचा व्यापारी वापर १९५६ साली आयबीएम कंपनीच्या ‘३५० रॅमॅक’ या यंत्रापासून सुरू झाला. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांची एकूण क्षमता सुमारे ५ मेगाबाइट होती. सीगेट कंपनीने १९८० साली व्यक्तिगत संगणकात बसू शकेल अशी ५.२५ इंची डिस्क बाजारात आणली. तिची क्षमताही ५ मेगाबाइटच होती. पुढे मेजावरील संगणकांसाठी ३.५ इंची आणि लॅपटॉपसाठी २.५ इंची आकार रूढ झाले.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयडीई ही जोडणी प्रचारात आली. तिलाच पुढे समांतर एटीए किंवा पाटा असे म्हटले जाऊ लागले. २००३ साली साटा या क्रमिक जोडणीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले व पुढील काही वर्षांत तिने आयडीईची जागा घेतली. त्यामुळे महाराष्ट्रातील घरांत व छोट्या कार्यालयांत २००० ते २००५ या काळात आलेल्या संगणकांत प्रामुख्याने आयडीई, तर २००८ नंतरच्या संगणकांत जवळजवळ सर्वत्र साटा डिस्क आढळते. आजच्या मदरबोर्डवर आयडीईची जागाच नसते. म्हणून जुनी डिस्क नव्या संगणकात थेट बसवता येत नाही आणि यूएसबी ॲडाप्टरचा मार्ग घ्यावा लागतो.

## कार्यतत्त्व

अंतर्गत डिस्क एटीए आज्ञावलीनुसार काम करते, तर यूएसबी मार्गाने येणाऱ्या साठवण साधनांकडून संगणक वेगळ्या प्रकारच्या आज्ञांची अपेक्षा करतो. ॲडाप्टरमधील चिप या दोन्हींमध्ये दुभाष्याचे काम करते: संगणकाची आज्ञा डिस्कला समजेल अशा रूपात पोचवते आणि डिस्कचे उत्तर परत आणते. ती डिस्कवरील मजकुरात कोणताही बदल करत नाही. त्यामुळे ॲडाप्टर बदलला तरी माहिती तीच राहते.

याला काही अपवाद आहेत. बाह्य डिस्क म्हणूनच विकल्या गेलेल्या काही साधनांतील चिप सर्व माहिती कूटबद्ध करून लिहिते. अशा साधनातील डिस्क काढून साध्या ॲडाप्टरला लावल्यास ती रिकामी किंवा निरर्थक भासते. ती मूळ पेटीतील परिपथासह वाचावी लागते. काही जुने ॲडाप्टर २ टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखू शकत नाहीत. काही चिप डिस्कवरील ५१२ बाइटचे विभाग संगणकाला ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात; तशा पेटीत फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या ॲडाप्टरवर ओळखली न जाण्याचा संभव असतो.

## जोडणीचे प्रकार

ॲडाप्टर घेण्यापूर्वी डिस्क बाहेर काढून तिच्या मागील कडेचे निरीक्षण करणे इष्ट ठरते. प्रचलित प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

| प्रकार | ओळखण्याची खूण | लागणारी वीज |
|---|---|---|
| ३.५ इंची आयडीई | पिनांच्या दोन रांगा, एकूण ४० जागा. शेजारी ४ जाड पिनांची वीजजोडणी | १२ व ५ व्होल्ट |
| २.५ इंची आयडीई | ४४ बारीक पिना. वीज त्यांतूनच | ५ व्होल्ट |
| ३.५ इंची साटा | ‘एल’ आकाराच्या दोन खाचा. ७ व १५ स्पर्शबिंदू | १२ व ५ व्होल्ट |
| २.५ इंची साटा | वरीलप्रमाणेच जोडणी, आकार लहान | ५ व्होल्ट |

साटा डिस्कची जोडणी दोन्ही आकारांत सारखीच असल्याने २.५ इंची डिस्कसाठी बनवलेला ॲडाप्टर ३.५ इंची डिस्कवरही बसतो. परंतु त्यात १२ व्होल्टची सोय नसेल तर डिस्क फिरत नाही. ‘डिस्क मेली’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे तपासणे आवश्यक आहे. यांशिवाय काही जुन्या लहान लॅपटॉपमध्ये १.८ इंची डिस्क, तर अलीकडच्या लॅपटॉपमध्ये एम.२ प्रकारची घनस्थिती डिस्क असते. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन भिन्न प्रकार असून प्रत्येकासाठी त्याला अनुरूप ॲडाप्टर लागतो.

## साधने

साधने साधारणतः तीन स्वरूपांत मिळतात. पहिले म्हणजे साधी केबल, जिच्या एका टोकाला यूएसबी व दुसऱ्या टोकाला डिस्कची जोडणी असते. दुसरे म्हणजे डिस्क आत बसवून झाकण लावता येणारी पेटी. डिस्क पुढेही बाह्य साधन म्हणून वापरायची असल्यास ती सोयीची ठरते. तिसरे म्हणजे डिस्क वरून उभी खोचण्याचा डॉक. अनेक डिस्क एकामागून एक वाचायच्या असतील तर तो उपयोगी पडतो. आयडीई आणि साटा दोन्ही प्रकार हाताळणारे संयुक्त ॲडाप्टरही उपलब्ध आहेत. लोणावळा पुणे–मुंबई लोहमार्गावर असल्याने तेथील रहिवाशांना पुण्यातील बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे दोन्ही प्रसिद्ध बाजार रेल्वेने गाठता येतात. आयडीईचे साहित्य आता सर्व दुकानांत मिळत नसल्याने खरेदीला जाताना डिस्कच्या मागील कडेचे छायाचित्र सोबत नेणे सोयीचे असते.

### वीजपुरवठा

यूएसबी २.० मानकानुसार एका खाचेतून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिॲम्पिअर, तर यूएसबी ३.० मानकानुसार ९०० मिलिॲम्पिअर प्रवाह मिळतो. २.५ इंची डिस्क बहुधा यावर चालते. परंतु फिरण्यास प्रारंभ करताना तिला क्षणभर अधिक प्रवाह लागतो. जुनी डिस्क यूएसबी २.० वर सुरू होता होता थांबत असल्यास दोन यूएसबी टोकांची केबल किंवा स्वतंत्र वीज असलेला हब वापरला जातो.

३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टची स्वतंत्र वीज अनिवार्य असते. त्यासाठी ॲडाप्टरसोबत साधारण १२ व्होल्ट, २ ॲम्पिअर क्षमतेचा वीजसंच दिलेला असतो. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरचे गोल टोक काही ॲडाप्टरमध्ये बसते. ते चुकून लावले गेल्यास डिस्कवरील परिपथ जळू शकतो. म्हणून वीजसंचावरील व्होल्टचा आकडा आणि टोकाची ध्रुवता जुळवून पाहिल्याखेरीज वीज देऊ नये.

## दमट हवामान आणि डिस्क

लोणावळा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. पूर्वेकडे वडगाव, तळेगाव दाभाडे या बाजूला पावसाचे मान झपाट्याने उतरते. त्यामुळे एकाच तालुक्यात साठवणीची परिस्थिती वेगवेगळी असते: घाटमाथ्यावरील घरांत पावसाळ्यात धुके खोल्यांमध्ये शिरते, कपड्यांना व पुस्तकांना बुरशी येते आणि धातूच्या वस्तूंवर गंज चढतो.

सर्वसाधारण हार्ड डिस्क पूर्णतः हवाबंद नसते. आतील व बाहेरील हवेचा दाब समान राहावा म्हणून तिच्या आवरणाला गाळणी लावलेले एक सूक्ष्म छिद्र असते. हेलियम भरलेल्या आधुनिक डिस्क याला अपवाद आहेत. धूळ गाळणीत अडते, परंतु हवेतील बाष्प कालांतराने आत जाऊ शकते. डिस्क चालू असताना वाचन-लेखन शीर्ष चकतीपासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. अशा वेळी चकतीवर जमलेले बाष्प घातक ठरते. उत्पादक हवेतील आर्द्रतेची जी मर्यादा देतात, तीही ‘दव न धरता’ या अटीसह असते.

यामुळे दमट जागेत राहिलेल्या डिस्कबाबत पुढील काळजी सुचवली जाते:

* डिस्क थंड जागेतून उबदार खोलीत आणल्यास ती लगेच जोडू नये. काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.
* शक्य असल्यास पावसाळा संपल्यानंतरच्या कोरड्या दिवसांत काम करावे. घाई असल्यास डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवावी.
* डिस्कवरील छिद्र चिकटपट्टीने बंद करू नये. केस वाळवण्याचे यंत्र, शेगडी किंवा ऊन यांनी डिस्क तापवू नये.
* पिनांवर हिरवट वा पांढरा थर असल्यास तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावा व पूर्ण वाळू द्यावा.
* पुराच्या किंवा गळतीच्या पाण्यात भिजलेल्या डिस्कला घरी वीज देऊ नये. ती थेट तज्ज्ञांकडे द्यावी.

घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज खंडित होण्याचे प्रसंगही येतात. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, परंतु ३.५ इंची डिस्कचा वीजसंच भिंतीवरील सॉकेटवर अवलंबून असतो. वीज गेल्यास लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्क मात्र वाचनाच्या मध्यात थांबते. म्हणून ॲडाप्टरचा वीजसंच यूपीएसवर जोडणे योग्य ठरते.

## जोडणीची पद्धत

### डिस्क बाहेर काढणे

जुन्या संगणकाची वीज पूर्ण तोडून, लॅपटॉप असल्यास बॅटरी काढून किंवा वियुक्त करून मग स्क्रू सोडवले जातात. शरीरावरील स्थिर विद्युतभार उतरवण्यासाठी प्रथम जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करतात. डिस्क कडेने धरावी. हिरव्या परिपथ-फलकाला बोटे लावू नयेत. आवरणाचे स्क्रू कोणत्याही परिस्थितीत उघडू नयेत, कारण आत गेलेला धुळीचा कणही शीर्षाला व चकतीला इजा करू शकतो.

### जंपरची मांडणी

३.५ इंची आयडीई डिस्कच्या मागे जंपर नावाची छोटी टोपी असते. एकाच केबलवर दोन डिस्क बसवण्याच्या काळात पहिली कोणती व दुसरी कोणती हे तिच्यामुळे ठरत असे. यूएसबी ॲडाप्टरसाठी जंपर सहसा ‘मास्टर’ स्थानावर ठेवतात; काही डिस्कवर एकट्या डिस्कसाठी वेगळे स्थान दिलेले असते. त्याचा आराखडा डिस्कवरील चिठ्ठीवर छापलेला असतो. जंपर ‘स्लेव्ह’ स्थानावर राहिल्यास डिस्क फिरते, पण संगणकाला दिसत नाही. साटा डिस्कसाठी ही मांडणी लागत नाही.

### जोडण्याचा क्रम

1. डिस्क कठीण, सपाट व विजेचा वाहक नसलेल्या पृष्ठावर ठेवावी. गादी किंवा उशी टाळावी, कारण त्यावर डिस्क हलते आणि तापते.
2. ॲडाप्टरची माहितीवाहक जोडणी व वीजजोडणी डिस्कला लावावी. आयडीई जोडणी उलटी बसू नये म्हणून तिच्यातील एक पिन गाळलेली असते. जोर लावल्यास पिना वाकतात.
3. वीज सुरू करून डिस्क फिरू लागल्याचा एकसारखा आवाज ऐकू येईपर्यंत सुमारे १० सेकंद थांबावे.
4. त्यानंतर यूएसबीचे टोक संगणकाला लावावे.
5. काम संपल्यावर संगणकातून ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा द्यावी, डिस्क पूर्ण थांबू द्यावी व मगच ती उचलावी.

### पडद्यावरील सूचना

माहिती गमावण्याचा मोठा धोका याच टप्प्यावर असतो. डिस्कवरील रचना कार्यप्रणालीला ओळखता आली नाही, तर विंडोज ती वापरण्यापूर्वी फॉरमॅट करण्याची परवानगी मागते. डिस्क व्यवस्थापनाचा विभाग उघडल्यास ‘इनिशियलाइझ’ करण्याची सूचना येते. मॅकओएसही वाचता न येणाऱ्या डिस्कबाबत अशीच विचारणा करते. या सूचना नवीन, रिकाम्या डिस्कसाठी योग्य आहेत. जुन्या डिस्कच्या बाबतीत प्रत्येक वेळी ‘रद्द करा’ किंवा ‘दुर्लक्ष करा’ हेच उत्तर द्यावे लागते. डिस्क न ओळखली जाण्याचे कारण अपुरी वीज, चुकीचा जंपर किंवा वेगळी फाइल प्रणाली एवढेच असू शकते. फॉरमॅट केल्याने ते दूर होत नाही, उलट अस्तित्वात असलेली रचना पुसली जाते.

## फाइल प्रणाली, अनुमती आणि कूटबद्धता

विंडोजच्या जुन्या डिस्कवर फॅट३२ किंवा एनटीएफएस, लिनक्सच्या डिस्कवर बहुधा ईएक्सटी३ वा ईएक्सटी४ आणि ॲपलच्या डिस्कवर एचएफएस प्लस किंवा एपीएफएस ही फाइल प्रणाली असते. लिनक्सवर यांतील बहुतेक प्रणाली वाचता येतात. मॅकओएस एनटीएफएस वाचते, परंतु स्वतःहून त्यावर लिहीत नाही. जुन्या माहितीच्या दृष्टीने ते सोयीचेच आहे. लिनक्सवर डिस्क केवळ-वाचन स्थितीत जोडता येते.

डिस्कवर छापलेली क्षमता आणि विंडोजमध्ये दिसणारा आकडा यांत फरक असतो. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज द्विमान पद्धतीने. म्हणून ८० गिगाबाइटची डिस्क सुमारे ७४.५, तर ५०० गिगाबाइटची सुमारे ४६५ दिसते. याचा अर्थ डिस्कचा काही भाग निकामी झाला असा होत नाही.

विंडोज एक्सपीमध्ये वापरकर्त्याची कागदपत्रे ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरमध्ये आणि विंडोज व्हिस्टापासून पुढे ‘यूजर्स’ या फोल्डरमध्ये असतात. दुसऱ्या संगणकावरून ती उघडताना प्रवेश नाकारला गेल्यास व्यवस्थापकाच्या अधिकाराने फोल्डरची मालकी घेता येते. जुने ईमेल, ब्राउझरमधील खुणा आणि टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालींच्या फाइली नेहमीच्या कागदपत्रांत नसून लपलेल्या किंवा स्वतंत्र फोल्डरमध्ये असतात. त्या मुद्दाम शोधाव्या लागतात. प्रणाली स्वतः जुन्या डिस्कवरून चालत नाही, तिच्या फाइली नव्या संगणकावरील प्रणालीत उघडाव्या लागतात.

बिटलॉकरने कूटबद्ध केलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यास परवलीचा शब्द किंवा ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते. तो उपलब्ध नसल्यास डिस्क तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही तिच्यावरील माहिती वाचता येत नाही.

## दोषांची लक्षणे

डिस्कच्या आवाजावरून तिच्या स्थितीचा बराच अंदाज येतो.

* कोणताही आवाज वा कंप नाही: वीज पोचत नाही, किंवा परिपथ-फलक अथवा मोटर निकामी आहे. प्रथम वीजसंच व केबल बदलून पाहतात.
* फिरून पुन्हा थांबते: बहुधा वीज अपुरी असते.
* एकसारखी फिरते, पण दिसत नाही: जंपर, ॲडाप्टर, केबल किंवा फाइल प्रणाली तपासावी.
* ठरावीक अंतराने ‘टक-टक’ आवाज: शीर्षाला चकतीवरील खुणा सापडत नाहीत. वीज त्वरित बंद करावी; प्रत्येक नव्या प्रयत्नाने हानी वाढू शकते.
* खरवडल्यासारखा आवाज: शीर्ष चकतीला घासत असल्याची शक्यता असते. डिस्क पुन्हा सुरू करू नये.

शेवटच्या दोन लक्षणांत माहिती अत्यंत महत्त्वाची असल्यास ती निर्धूळ कक्ष असलेल्या पुनर्प्राप्ती केंद्राकडे सोपवणे हाच मार्ग उरतो. डिस्क शीतकपाटात ठेवणे, तिला ठोकणे किंवा आवरण उघडणे हे ऐकीव उपाय हानी वाढवतात. दमट प्रदेशात शीतकपाटातून काढलेल्या डिस्कवर तर लगेच दव जमते.

## प्रत काढणे

डिस्क वाचता येऊ लागताच प्रथम संपूर्ण प्रत काढणे आणि वर्गवारी नंतर प्रतीवरून करणे, हा या कामाचा मुख्य संकेत आहे. जुनी डिस्क किती काळ चालेल हे सांगता येत नाही. तिच्यावरच छायाचित्रे पाहत बसल्यास मर्यादित आयुष्य त्यातच खर्च होते. वेळ फारच कमी असल्याची लक्षणे दिसत असतील तर अन्यत्र कोठेही न मिळणाऱ्या फाइली, म्हणजे कौटुंबिक छायाचित्रे, स्वतः लिहिलेला मजकूर व हिशेब, आधी आणि प्रणाली, गाणी, चित्रपट नंतर असा क्रम ठेवतात.

यूएसबी २.० चा प्रत्यक्ष वेग सेकंदाला सुमारे ३० ते ३५ मेगाबाइट मिळतो. त्या हिशेबाने ८० गिगाबाइटच्या भरलेल्या डिस्कला पाऊण तास, तर ५०० गिगाबाइटला चार ते पाच तास लागतात. लहान फाइली असंख्य असल्यास वेळ आणखी वाढतो.

काही भाग वाचता येत नसेल तर नेहमीच्या पद्धतीने प्रत काढताना काम अडून राहते. अशा वेळी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ या मुक्त प्रणालीने डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घेतात; ती आधी सुस्थितीतील भाग वाचते आणि बिघडलेल्या भागांकडे नंतर वळते. पुसलेल्या फाइलींचा शोध ‘टेस्टडिस्क’ व ‘फोटोरेक’ या प्रणालींनी त्या प्रतिमेवरच घ्यावा. विंडोजची डिस्क दुरुस्त करणारी आज्ञा डिस्कवर लिहीत असल्याने प्रत घेण्यापूर्वी वापरू नये.

प्रत घेऊन झाल्यावर फाइलींची संख्या व आकार ताडून पाहतात आणि काही फाइली प्रत्यक्ष उघडतात. प्रत आणि मूळ यांची एसएचए-२५६ सारखी सारसंख्या जुळल्यास दोन्ही तंतोतंत सारखी असल्याची खात्री होते. त्यानंतर किमान दोन वेगळ्या साधनांवर प्रती ठेवाव्या व त्यांपैकी एक शक्यतो दुसऱ्या गावी असावी. घाटमाथ्यावरील कुटुंबांना पुणे किंवा तळेगाव येथील नातेवाइकांकडे ठेवलेली प्रत ओलाव्यापासून सुरक्षित राहते.

## मराठी मजकूर आणि जुने फाँट

मराठी कागदपत्रांच्या बाबतीत फाइल हाती आल्यावरही आणखी एक अडसर उरतो. युनिकोड मानकात देवनागरीचा समावेश १९९१ मध्ये झाला आणि विंडोजमध्ये मराठीसाठी अंगभूत सोय विंडोज २००० पासून मिळू लागली. तरी छपाईच्या व्यवसायात जुनी पद्धत पुढेही दीर्घकाळ टिकली. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची ‘श्री-लिपी’ आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेची ‘आयएसएम’ या प्रणाली त्या काळात महाराष्ट्रातील छापखाने, वृत्तपत्रे व कार्यालयांत मोठ्या प्रमाणावर वापरात होत्या.

अशा फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसवलेले असत. तो विशिष्ट फाँट नव्या संगणकावर नसल्यास लग्नपत्रिका, स्मरणिका किंवा अर्ज उघडल्यावर केवळ निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. फाइल खराब झाली असे समजून अनेकदा ती पुसली जाते. वस्तुतः मजकूर शाबूत असतो.

यासाठी जुन्या डिस्कची विल्हेवाट लावण्यापूर्वी तिच्यावरील विंडोज फोल्डरमधील ‘फाँट्स’ हा उपफोल्डर अवश्य जतन करावा. फाँट हाती असल्यास मजकूर पुन्हा वाचता येतो आणि त्या फाँटसाठी योग्य परिवर्तक वापरून त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी यांची तपासणी आवश्यक असते, कारण चुका बहुधा तेथेच राहतात. पेजमेकरसारख्या आता प्रचारात नसलेल्या प्रणालीत मांडलेली पाने जुन्या प्रणालीतच उघडून पीडीएफ स्वरूपात साठवणे इष्ट असते.

## माहितीचे स्थानिक मोल

२००० नंतरच्या दशकात डिजिटल कॅमेरे सर्वसामान्यांच्या हाती आले. त्या काळातील छायाचित्रे प्रायः घरच्या संगणकाच्या डिस्कवरच राहिली. ती कागदावर छापली गेली नाहीत आणि आजच्यासारखी महाजालावरही आपोआप साठवली गेली नाहीत. मावळात लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले आणि कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी आहेत. लोहगडाचा समावेश २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या स्थळसमूहात झाला. गिर्यारोहकांनी व रहिवाशांनी सहज टिपलेली वीस वर्षांपूर्वीची छायाचित्रे या वास्तूंच्या, तसेच बदलत्या गावांच्या व शेतजमिनींच्या तत्कालीन स्थितीचा पुरावा ठरू शकतात. छायाचित्राच्या फाइलमध्ये नोंदलेली घेतल्याची तारीख प्रत काढल्यावरही टिकून राहते. कॅमेऱ्याचे घड्याळ त्या वेळी बरोबर लावलेले होते किंवा नाही, एवढे मात्र पडताळावे लागते.

खरेदीखते, मोजणीचे नकाशे किंवा सातबारा उतारे यांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही जुन्या डिस्कवर असू शकतात. त्या मूळ दस्तऐवजाची जागा घेत नाहीत. परंतु दस्त क्रमांक, गट क्रमांक व तारीख त्यांवरून मिळाल्यास संबंधित कार्यालयातून प्रमाणित प्रत मागवणे सोपे जाते.

## कायदेशीर बाबी आणि विल्हेवाट

दुसऱ्याच्या मालकीच्या डिस्कवरील माहिती त्याच्या परवानगीविना पाहणे किंवा उतरवून घेणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ च्या कक्षेत येते. जुना संगणक विकत घेणाऱ्यास त्यातील डिस्कवर आधीच्या मालकाची खासगी माहिती आढळल्यास हे लक्षात घेणे आवश्यक आहे. डिस्कवरील नोंद न्यायालयात पुरावा म्हणून सादर करायची असल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते व त्यात सारसंख्येचा उल्लेख असतो. अशा डिस्कवर स्वतः प्रयोग न करता ती विधिज्ञांच्या सल्ल्याने तज्ज्ञांकडे देणे उचित ठरते.

प्रतींची खात्री पटल्यावरही मूळ डिस्क काही महिने ठेवून देतात. पुढे ती टाकून द्यायची असल्यास फाइली केवळ पुसणे पुरेसे नसते, कारण त्या परत मिळवता येतात. संपूर्ण डिस्कवर नवी माहिती लिहून किंवा चकत्या निकामी करून मगच ती सोडावी. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार असे साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जाणे अपेक्षित आहे. घरगुती कचऱ्यात किंवा भंगारात ते टाकू नये.